साडेपाचशे किलोच्या गाडीला टायर निवडताना

हलक्या किट कारचे, म्हणजे सुटे भाग आणून हाताने जोडलेल्या गाडीचे, टायर सहसा झिजून जात नाहीत, म्हातारे होऊन जातात. माझ्या गाडीवर जो आधीचा सेट होता त्याची नक्षी अजून पाच मिलिमीटर शिल्लक होती, बऱ्याच देशांत कायद्याला १.६ पुरते, म्हणजे वरून बघणाऱ्याला वाटणार की अजून अर्धं आयुष्य बाकी आहे. पण साइडवॉलवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे होते २३१४, म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला माल. रबरात नख रुतत नव्हतं, नखच वाकायचं. थंड सकाळी दुसऱ्या गिअरमध्ये पाय जरा जड पडला की मागची बाजू निसटायची आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला नुसता स्पर्श केला तरी पुढचं एखादं चाक लॉक, कारण या गाडीला एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, मदतीला कोणीच नाही, जे काय आहे ते चार टायर आणि आपला पाय.

गाडी लोटस सेव्हनच्या जातीची. १९५७ साली लोटस या ब्रिटिश कंपनीच्या कॉलिन चॅपमनने जी मूळ सेव्हन काढली, जिचे हक्क १९७३ मध्ये केटरहॅम या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीकडे गेले, त्याच आराखड्यावर जगभर कितीतरी छोट्या कंपन्यांनी आणि घरच्या गॅरेजमध्ये बसलेल्या लोकांनी गाड्या बांधल्या, त्यातलीच एक. लांब बॉनेट, पुढची चाकं बॉडीच्या बाहेर, त्यांच्यावर सायकलसारखी मडगार्ड, छप्पर नावालाच. पेट्रोल भरून वजन ५६० किलोच्या आसपास, रिम १५ इंची आणि साडेसहा इंच रुंद, टायर १९५/५० आर१५, म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्याच्या ५० टक्के आणि रिम १५ इंची. चारही चाकांना एकच माप.

आता टायर शोधायचे म्हणून मी वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की जे काही लिहिलेलं आहे, टेस्ट, तुलना, व्हिडिओ, ते सगळं दुसऱ्याच गाड्यांसाठी आहे. चौदाशे-पंधराशे किलोची हॅचबॅक घेतात, तिच्यावर आठ-दहा टायर लावतात आणि सांगतात की हा पहिला, तो शेवटचा. माझ्या गाडीचं वजन त्याच्या निम्मं पण नाही. तेव्हा त्या क्रमवारीचा माझ्यासाठी अर्थ काय, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर कुठे तयार मिळत नव्हतं म्हणून कागद-पेन घेऊन बसले.

हिशोब साधा आहे. गाडी ५६०, आम्ही दोघं बसलो की १४० धरा, एकूण ७००, म्हणजे एका चाकावर सरासरी १७५ किलो. आणि १९५/५० आर१५ च्या साध्या टायरवर लिहिलेलं असतं ८२व्ही, त्यातला ८२ हा लोड इंडेक्स म्हणजे ४७५ किलो. टायर ४७५ किलो पेलायला बनवलाय आणि मी त्याला देणार १७५. त्याच्या ताकदीच्या ३७ टक्के. त्यामुळे लोड इंडेक्स पुरेल का ही काळजी करायचीच नाही, उलटी काळजी करायची, की टायर आपल्याला फार मजबूत तर होत नाहीये ना. साइडवॉलवर एक्सएल लिहिलेले टायर म्हणजे एक्स्ट्रा लोड, जाड आणि कडक सांगाड्याचे, जड गाडीला उत्तम, मी ते यादीतून पहिल्या झटक्यात काढून टाकले. रनफ्लॅट तर विचारूच नका. हवा नसली तरी गाडी तोलून धरेल अशी ज्याची साइडवॉल, तो टायर माझ्या गाडीखाली दबणारच नाही, दगडी चाक लावल्यासारखं होईल.

हे दबणं महत्त्वाचं का ते मला नीट समजायला वेळ लागला. रस्त्याला टेकणारा रबराचा तुकडा किती मोठा, हे ढोबळमानाने वजन भागिले हवेचा दाब एवढ्यावर ठरतं (साइडवॉल स्वतः थोडं वजन घेते, ते सोडून देऊ). हॅचबॅकच्या चाकावर ३५० किलो आणि ३२ पीएसआय हवा असेल तर टेकलेला भाग साधारण १५५ चौरस सेंटीमीटर. तीच ३२ पीएसआय मी माझ्या १७५ किलोखाली भरली तर ७८. निम्मा. आणि १८ पीएसआय भरली तर १३८, म्हणजे बऱ्यापैकी परत मिळाला. म्हणूनच सेव्हनवाले पूर्वापार १८-२० पीएसआयवर गाड्या चालवतात, बाहेरच्या माणसाला ते ऐकून वाटतं की यांची चाकं पंक्चर आहेत. पण एवढ्या कमी हवेवर टायर कसा वागतो हे त्याच्या सांगाड्यावर अवलंबून, कुठला टायर १८ वर छान चिकटून चालतो, कुठला डुलायला लागतो, आणि ही गोष्ट कुठल्याच लेबलवर छापलेली नसते.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. टायर गरम होतो तो मुख्यतः त्याच्या सांगाड्याच्या आणि रबराच्या दबण्या-सुटण्यामुळे, आणि दबायला वजन लागतं. हलकी गाडी रस्त्याच्या वेगात टायरला फार काही करू शकत नाही. ट्रॅकवर वीस मिनिटं जोरात मारली तर गोष्ट वेगळी, पण डोंगरातल्या रस्त्यावर चार वळणं, मग एक ट्रॅक्टर, मग गाव, मग पुन्हा चार वळणं, यात टायर कोमटच राहतो. म्हणजे मला असा टायर हवा होता जो कोमट असतानाच चांगला आहे. या एका वाक्यापाशी यायला मला जेवढं वाचावं लागलं त्यात मी एक गिअरबॉक्स खोलून परत बसवला असता, पण ते असो.

मापात बसणारे टायर मी मनातल्या मनात तीन ढिगांत टाकले. पहिला ढीग सेमी-स्लिकांचा, मऊ रबराच्या आणि कमी नक्षीच्या टायरांचा, म्हणजे टोयोचा आर८८८आर, नॅनकँगचा एआर-१, योकोहामाचा ए०४८ वगैरे, रस्त्यावर चालवायला परवानगी असलेले पण मन ट्रॅकवर असलेले. दुसरा ढीग चिकट रोड टायरांचा, योकोहामाचा एडी०८ आणि त्याचे पुढचे अवतार, टोयोचा आर१आर, त्या जातीचे. तिसरा ढीग साध्या उन्हाळी टायरांचा, त्यातही पावसावर भर देणारे, युनिरॉयलच्या रेनस्पोर्टसारखे, मधोमध बाणासारखी नक्षी असलेले. पूर्वी सेव्हनवाल्यांना एव्हन या ब्रिटिश टायर कंपनीचं नाव पहिलं सुचायचं, त्यांनी या गाड्यांसाठी म्हणून टायर बनवले, पण ती कंपनी गुडइयरकडे गेली आणि इंग्लंडमधल्या मेल्कशॅमचा कारखाना २०२३ मध्ये बंद झाला, त्यामुळे त्या वाटेने जाऊन पुढच्या सेटलाही तोच टायर मिळेल या भरवशावर मला राहायचं नव्हतं.

सेमी-स्लिकचा मोह सगळ्यांना होतो, मलाही होता. फोटोत गाडी अर्धी त्यांच्यामुळेच देखणी दिसते. एका मित्राकडे तशीच गाडी आहे आणि त्याच्याकडे सेमी-स्लिक चढवलेला रिमचा जादा सेट होता, तो मागून आणला आणि लावून फिरले. दुपारच्या उन्हात, कोरड्या रस्त्यावर, थोडा वेळ चालल्यानंतर, काय बोलायचं, गाडी जमिनीला शिवल्यासारखी. ब्रेक कितीही उशिरा मारा. पण तेवढं सोडून बाकीच्या वेळी काय? निघाल्यानंतरची पहिली काही मिनिटं मागची चाकं लाकडी वाटायची आणि नेमकी त्याच वेळी आपण गल्लीतून, चौकातून जात असतो. रस्त्यावरच्या प्रत्येक खाचेच्या मागे स्टिअरिंग ओढत जायचं. सावलीतला ओला पट्टा आला की पोटात गोळा. आणि खडी! मऊ गरम रबर रस्त्यावरची बारीक खडी उचलतं आणि पुढची चाकं उघडी असल्यामुळे ती थेट मागच्या मडगार्डवर फेकतं, ठण ठण ठण, मध्येच एखादा खडा कोपरावर. सेव्हनवाले मागच्या मडगार्डच्या पुढच्या तोंडावर स्टीलची किंवा कार्बनची पट्टी लावतात ती काही शोभेची नसते.

मित्र म्हणाला, "अगं सवय होते, आणि तू काय पावसात थोडीच काढणार आहेस गाडी." पावसात काढणार नाही हे खरं. पण काढल्यावर पाऊस येतो त्याचं काय? डोंगरात सकाळी ऊन आणि दुपारी धो धो हे काही नवल नाही, आणि छप्पर नसलेल्या गाडीत आपण भिजतोच, पण घरी तर यायचंय. शिवाय सेमी-स्लिकला थंडीचं वावडं, पारा शून्याखाली गेला तर रबराच्या काही मिश्रणांना भेगा जाऊ शकतात, कंपन्या स्वतःच सांगतात की गोठणाऱ्या थंडीत ते ठेवू नका, हलवू नका. आणि दर वेळी कडक तापून थंड झाले की रबर थोडं थोडं कडक होत जातं, नक्षी तशीच दिसते आणि पकड गेलेली असते. वर्षातून थोडेच किलोमीटर चालणाऱ्या गाडीवर मी पुन्हा त्याच जागी येणार होते जिथून सुटायला निघाले होते. पहिला ढीग बाद. मित्राचा सेट धुऊन परत दिला.

मग दुसरा आणि तिसरा. इथे खरी खलबतं झाली.

आकडे बघून ठरवू म्हटलं तर अमेरिकेत विकायच्या टायरवर ट्रेडवेअरचा, म्हणजे झिजेचा, आकडा असतो, सेमी-स्लिक साधारण शंभर किंवा त्याखाली, चिकट रोड टायर दोनशेच्या आसपास, साधे तीनशेच्या वर. लोक तो आकडा मऊपणाचं माप म्हणून वापरतात. तसा तो नाही. टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यावर प्रमाण टायरच्या सोबतीने ७,२०० मैल चालवून किती झिजला त्यावरून काढायचा, शंभर म्हणजे प्रमाणाइतका, दोनशे म्हणजे दुप्पट टिकणारा, आणि शेवटी छापायचा आकडा कंपनी स्वतः ठरवते. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना थोडीफार जमते, दोन कंपन्यांची करायला गेलं की भरवसा नाही. आणि झीज हा माझा प्रश्नच नव्हता ना! मी ज्या वेगाने टायर झिजवते त्या वेगाने चारशेचा टायर माझ्याआधी रिटायर व्हायचा नाही.

टायरवरचं युरोपचं लेबल त्यापेक्षा कामाचं वाटलं. ते नोव्हेंबर २०१२ पासून आलं आणि मे २०२१ पासून त्याच्या पायऱ्या बदलून ए ते ई झाल्या, ए सगळ्यात चांगली. त्यात तीनच मुख्य गोष्टी, इंधन, ओल्या रस्त्यावरचं ब्रेकिंग आणि आवाज. आवाजाचा रकाना मी वाचलासुद्धा नाही, या गाडीत शंभरच्या वेगाला वाऱ्यापुढे स्वतःचा विचार ऐकू येत नाही. इंधनाचाही नाही. वेट ग्रिप, म्हणजे ओल्यातली पकड, मात्र बघितली, ती ८० वरून २० च्या वेगाला यायला किती अंतर लागतं यावर मोजतात, आणि तीही अर्थात भरभक्कम गाडीचं वजन गृहीत धरून. तरी ए आणि सी मधला फरक हलक्या गाडीखाली उलटा होईल असं मानायला मला काही कारण दिसलं नाही, म्हणून तेवढा आकडा धरून ठेवला. चिकट टायरांपैकी काहींची वेट ग्रिप सी, पावसाळी टायरची ए.

आणि पावसाचा विचार करताना ती गोष्ट पुढे आली जिच्यामुळे माझा काटा खरा झुकला. हवा कमी ठेवली की टेकणारा भाग वाढतो हे वर लिहिलं, पण पाण्यावर तरंगायचा वेगही त्याच हवेवर ठरतो. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून एक ढोबळ सूत्र काढलं, पीएसआयचं वर्गमूळ गुणिले नऊ, उत्तर नॉटमध्ये. किलोमीटरमध्ये आणलं तर ३२ पीएसआयला ताशी ९४ येतात आणि १८ ला ७१. सूत्र विमानाच्या टायरचं आहे, साचलेल्या पाण्याचं आहे, गाडीच्या टायरला खोल नक्षी असते, त्यामुळे ७१ हा आकडा ब्रह्मवाक्य धरू नका, पण दिशा स्पष्ट आहे, कमी हवेवर चालणारी हलकी गाडी लवकर तरंगते. त्यात टायर रुंद असला की टेकलेला भाग आडवा पसरट आणि लांबीला आखूड होतो, पाणी बाजूला सारायला वेळच मिळत नाही. म्हणजे ज्या गाडीला रुंद सेमी-स्लिक सगळ्यात छान दिसतात त्याच गाडीला पावसात ते सगळ्यात वाईट. उरलेल्या दोन ढिगांपैकी कोरड्यात कोमट असताना दोन्ही मला पुरून उरणार होते, ओल्यात मात्र तसं नव्हतं.

मध्येच मी मापाच्या भानगडीत पण शिरले. कोणीतरी म्हणालं १९५/४५ टाक, साइडवॉल आखूड, वळणात धारदार. व्यास काढला तर १९५/५० चा ५७६ मिलिमीटर, १९५/४५ चा ५५६.५. गिअरिंग साडेतीन टक्के आखूड होणार ते एकवेळ मजेचं, पण गाडी जवळपास १० मिलिमीटर खाली येणार, आणि या गाडीत सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू म्हणजे इंजिनचा संप, तळाचं तेलाचं भांडं. स्पीडब्रेकरवर संप फोडून घ्यायची मला हौस नाही. २०५/५० घेतला तर ५८६, रुंदीने आणि उंचीने दोन्हीकडून वाढ, पुढच्या सायकल मडगार्डच्या पट्टीला घासतोय का ते स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून बघावं लागलं असतं, आणि विनापॉवरचं स्टिअरिंग पार्किंगमध्ये अजून जड. शिवाय केटरहॅमनेच २०१३ साली सुझुकीचं ६६० सीसीचं छोटं टर्बो इंजिन घालून १६० नावाची सेव्हन काढली तेव्हा तिला नुसते १५५ मापाचे अरुंद टायर दिले होते आणि त्या गाडीच्या मजेबद्दल कोणी तक्रार केल्याचं मी वाचलं नाही. अरुंद टायर लवकर निसटतो, पण सांगून निसटतो, कमी वेगात निसटतो, आणि रस्त्यावर खेळायचं असेल तर मला तेच हवं. माझ्या साडेसहा इंची रिमवर १५५ बसणार नाही हे उघड आहे. १९५/५० ला साडेपाच ते सात इंच रिम चालते, म्हणून तेच माप कायम ठेवलं.

शेवटी तिसऱ्या ढिगातला घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मॉडेलं बदलत राहतात आणि माझ्या मापात मिळालं ते तुमच्या मापात मिळेलच असं नाही, पण कसला घेतला ते सांगते: १९५/५० आर१५ ८२व्ही, एक्सएल नाही, वेट ग्रिप ए, बाणाची नक्षी, आणि दुकानात हाताने साइडवॉल दाबून बघितली तेव्हा शेजारच्या चिकट टायरपेक्षा सहज आत गेली. अंगठ्याची टेस्ट म्हणजे काही शास्त्र नाही, ठाऊक आहे. पण दोन टायर शेजारी उभे करून, रिमवर नसताना, वरून तळहाताने जोर दिला तर सांगाड्यातला फरक कळतो, करून बघा. चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. पुढे एक आणि मागे एक असं मिश्रण हलक्या मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत मी कधीच करणार नाही, ओल्यात पुढची पकड मागच्यापेक्षा जास्त निघाली की गाडी स्वतःभोवती फिरते आणि ते सांगून फिरत नाही.

बसवायला मी गाडी नेली नाही, चाकं काढून दुसऱ्या गाडीतून नेली. जॅक कुठे लावायचा हे या गाडीत टायरवाल्याला कळत नाही आणि कळायची अपेक्षाही नाही, नळ्यांच्या चेसिसखाली भलत्या जागी जॅक लागला तर अॅल्युमिनियमचा पत्रा वाकलाच म्हणून समजा. टायर रिमवर चढायच्या आधी चारहींचे डॉट कोड वाचले, सगळे त्याच वर्षातले निघाले. बाणाची दिशा प्रत्येक चाकावर खडूने लिहून ठेवली, डावी दोन उजवी दोन. बॅलन्सिंगची वजनं रिमच्या आतल्या बाजूला चिकटवून घेतली. तरीही व्हायचं ते झालंच:

"ताई, चारहींत बत्तीस टाकलीय."

"अठरा करा दादा."

"अठरा? टायर फाटेल ताई, तेवढ्यावर कोणी चालवतं का!"

मग गाडीचं वजन सांगितलं, फोनवर फोटो दाखवला, तेव्हा कुठे तो हसला. कडा रिमवर बसवताना जास्त हवा लागतेच, त्याबद्दल तक्रार नाही, पण नंतर उतरवायला विसरू नका, आणि त्याच्या मशीनच्या काट्यावरही विसंबू नका. ३२ मध्ये दोन पीएसआयची चूक चालून जाते, १८ मध्ये दोनची चूक म्हणजे अकरा टक्के. मी ३० पर्यंतचाच डायल असलेला छोटा गेज घेतला, कमी दाबाला त्याचा काटा नीट वाचता येतो. या सगळ्या प्रकरणात मी घेतलेली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच.

नवीन टायरवर साच्यातून सुटायला लावलेल्या थराची चकाकी असते, ती जाईपर्यंत, साधारण दीडेकशे किलोमीटर, शहाण्यासारखी चालवली. चाकांचे नट पहिल्या फेरीनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासले. आणि मग हवेचं काम सुरू केलं, ज्यात मला टायर निवडण्याइतकीच मजा आली.

सुरुवात चारहींत २० ने. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून साइडवॉल सुरू होते तिथे, तीन ठिकाणी खडूच्या आडव्या रेघा मारल्या आणि ओळखीच्या वळणांच्या रस्त्यावर जाऊन आले. रेघ कुठपर्यंत पुसली गेली त्यावरून टायर वळणात किती झुकला ते दिसतं. २० ला रेघ जवळपास पुसलीच नव्हती, आणि छोट्या खाचांवर गाडी टणटण उडत होती, म्हणजे हवा जास्त. एक एक पीएसआय कमी करत गेले. १९ ला पुढचं टोक जरा बसलं. १८ ला एकदम गाडी रस्त्यावर उतरली, तोपर्यंत रस्त्याच्या वर कुठेतरी होती. उत्साहात १७ आणि १६ पण करून बघितलं, १६ ला स्टिअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर विचार करायची आणि मगच वळायची, मागची बाजू लेन बदलताना हलायची, खडूची रेघ खांद्याच्या खालपर्यंत पुसलेली. एकट्याने चालवायला पुढे १७ मागे १८, शेजारी कोणी असेल तर चारहींत १८, यावर थांबले. हे आकडे माझ्या गाडीचे, माझ्या टायरचे, कडक सांगाड्याच्या चिकट टायरला अजून कमी लागू शकते. लेझर थर्मामीटरने टायरचं तापमानही मोजायचा प्रयत्न केला पण तो नुसता पृष्ठभाग वाचतो आणि गाडी थांबवून उतरेपर्यंत पृष्ठभाग थंड, त्यामुळे आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत फरक किती एवढंच बघितलं, बाकी आकड्यांना किंमत दिली नाही. आतली कड थोडी जास्त गरम निघाली, चाकं वरून थोडी आत झुकवलेली (निगेटिव्ह कॅम्बर) असली की ते चालायचंच.

हवेच्या तापमानाने दाब बदलतो तोही इथे जाणवतो. दहा अंशांच्या फरकाला साधारण एक पीएसआय. सकाळी थंडीत गॅरेजमध्ये १८ भरली आणि दुपारी वीस अंश वाढले तर गाडी नुसती उभी राहून २० वर गेली, म्हणजे मी एवढ्या कष्टाने सोडवलेली टणटण परत. त्यामुळे मी जिथे चालवायचं त्या वेळच्या हवेत, टायर गार असताना, सावलीत मोजते.

आता वागणूक. ओल्यात फरक इतका आहे की पहिल्या पावसात मी मुद्दाम रिकाम्या रस्त्यावर ब्रेक मारून मारून बघितले, पुढचं चाक लॉक व्हायच्या आधी आता पेडलमध्ये बऱ्यापैकी जागा आहे. साचलेल्या पाण्यात मात्र अजूनही सत्तरच्या आतच असते, ते सूत्र डोक्यातून जात नाही. कोरड्यात सेमी-स्लिकच्या जवळपासही नाही. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना पाय दिला की मागची बाजू हळूच सरकते, पाय उचलला की परत येते, आणि हे सगळं इतक्या कमी वेगात होतं की घाम फुटत नाही. स्टिअरिंग हलकं झालंय, पकड संपत आली की ते अजून हलकं होतं आणि हाताला आधी कळतं. मित्राने चालवून बघितली आणि म्हणाला खांदा मऊ आहे, वळणात झटकन टोक घेत नाही. खरंय. पहिल्या झटक्याला एक छोटीशी ढिलाई आहे, कडक साइडवॉलवाल्याला ती खटकणार. कडक उन्हाळ्यात बराच वेळ जोरात पळवली तर नक्षीचे ठोकळे हलताहेत असंही वाटतं, ट्रॅकवर हा टायर न्यायचा विचार मी करत नाहीये, तिथे जायचंच झालं तर वेगळ्या रिमवर वेगळा सेट, मित्राचाच मागून.

सध्या डोक्यात १४ इंची रिम आहेत. १८५/६० आर१४ चा व्यास येतो ५७७.६, माझ्या आत्ताच्या मापापेक्षा दीड मिलिमीटर जास्त, म्हणजे गिअरिंग, उंची, काहीच बदलत नाही, आणि साइडवॉल मात्र ९७ वरून १११ मिलिमीटर. हलकी रिम मिळाली तर चाकाचं वजनही कमी होईल, आणि साडेपाचशे किलोच्या गाडीत चाकामागे एखादा किलो कमी झाला तरी खराब रस्त्यावर कळतो. अडचण पुढच्या ब्रेकची आहे, कॅलिपर आणि रिममध्ये किती जागा उरते ते पुठ्ठ्याचा साचा कापून मोजायचंय, आणि त्या मापात चांगली वेट ग्रिप असलेले, एक्सएल नसलेले टायर कोणकोण बनवतंय त्याची यादी चालू आहे.